तार डॉक्टरांची, रबर आपलं



आज आपण रबराबद्दल बोलणार आहोत. मेथीच्या जुडीला लावतो, मुलीच्या वेणीला लावतो, दुकानदार पुडीला गुंडाळतो, तेच रबर. फक्त आजचं रबर त्याच्यापेक्षा पुष्कळ लहान आहे. करंगळीच्या टोकावर मावेल एवढं. दातांना तारा बसवल्या की डॉक्टर त्याचं एक पाकीट हातात देतात आणि सांगतात, रोज लावायचं.

पूर्वी तारा लावलेलं तोंड सिनेमात किंवा मुंबईच्या पाहुण्यांकडेच दिसायचं. आता आगाशी, निर्मळ, नालासोपारा, वसई, कुठेही शाळा सुटली की दोन-चार मुली तारा लावलेल्या दिसतात. चांगलंच आहे. पण या मुलींच्या आया एक प्रश्न हमखास विचारतात. तारांचे एवढे पैसे भरले, मग हे रबराचं काय नवीन? नाही लावलं तर चालणार नाही का? आणि मग ते पाकीट खिडकीत, देवळीत, नाहीतर दप्तराच्या तळाशी पडून राहतं. सहा महिने जातात. डॉक्टर म्हणतात दात हलले नाहीत, आई म्हणते डॉक्टर पैसे काढतात, आणि मुलगी गप्प.

हे रबर तोंडात आलं कसं आणि ते करतं काय, हे कळलं तर पाकीट असं पडून राहणार नाही असं मला वाटतं. म्हणून आज त्याचा इतिहास सांगते.

दात कसे असले की सुंदर, हे सगळीकडे आणि सगळ्या काळात सारखं नव्हतं. आपल्याच महाराष्ट्रात जुन्या काळी बायका दातवण लावून दात काळे करत. काळेभोर दात ही सवाष्णीची शोभा मानली जायची. आज कुणी तसं केलं तर घरचेच दवाखान्यात नेतील. पण वेडावाकडा दात सरळ करावा ही इच्छा मात्र फार जुनी आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये सेल्सस नावाच्या लेखकानं लिहून ठेवलंय की, दुधाचा दात पडायच्या आधीच नवा दात बाजूनं आला, तर दुधाचा दात काढावा आणि नवा दात रोज बोटानं ढकलत ढकलत जागेवर आणावा. म्हणजे पहिलं हत्यार बोट. आपल्याकडेही आजीबाई सांगतातच, रोज बोटानं दाब म्हणून.

बोटाची अडचण काय, तर ते दिवसभर तोंडात ठेवता येत नाही. दाताला लागते ती हलकी पण सतत ओढ. १७२८ मध्ये पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्यानं दातांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यानं धातूची वाकवलेली पट्टी दातांच्या बाहेरून बसवली आणि दोऱ्यानं दात त्या पट्टीला बांधले. दोरा ओढला की दात पट्टीकडे सरकायला लागतो. आजच्या तारांची ही पणजी म्हणायला हरकत नाही. पण दोऱ्याचं काय होतं ते आपल्याला माहीत आहे. बाजेची नवार असो की कपडे वाळत घालायची दोरी, आज ताणली तरी थोड्या दिवसांत सैल पडते. दात किंचित सरकला की दोरा ढिला, आणि ओढ संपली. पुन्हा वैद्याकडे जा, पुन्हा आवळून घ्या.

दोऱ्याच्या जागी रबर आलं आणि ही अडचण बरीचशी गेली. ताणलेलं रबर आपलं आपण आखडत राहतं. दात सरकला तरी ते पाठीमागून ओढतच असतं.

आता हे रबर कुठलं, तर दक्षिण अमेरिकेतल्या झाडाचा चीक. इंग्रजीत त्याला बरेच दिवस ‘इंडिया रबर’ म्हणत. आपल्या हिंदुस्थानाशी त्याचा तेव्हा काही संबंध नव्हता. अमेरिका खंडालाच युरोपचे लोक ‘इंडीज’ म्हणत, त्यातून ते नाव पडलं. आणि ‘रबर’ म्हणजे घासणारं, कारण इंग्रज लोक ते पेन्सिलीचं लिहिलेलं खोडायला वापरत.

कच्च्या रबराचा स्वभाव वाईट. उन्हाळ्यात चिकट आणि घाण वासाचं, थंडीत कडक आणि तडकणारं. अमेरिकेत चार्ल्स गुडइयर नावाचा माणूस या रबराच्या मागे लागला होता. कर्जापायी तुरुंगात गेला, घर विस्कटलं, तरी सोडेना. १८३९ मध्ये त्याच्याकडून गंधक मिसळलेलं रबर तापलेल्या शेगडीवर पडलं. ते वितळेल असं वाटलं होतं, पण ते चामड्यासारखं चिवट झालं. ताणलं की ताणतं, सोडलं की मूळ मापावर येतं, उन्हात चिकटत नाही. १८४४ मध्ये त्यानं या युक्तीचं पेटंट घेतलं. लगेच पुढच्या वर्षी, १७ मार्च १८४५ ला, लंडनच्या स्टीफन पेरी यानं रबराच्या गोल पट्टीचं पेटंट घेतलं, कागदांचे आणि पाकिटांचे गठ्ठे बांधायला. आपल्या जुडीच्या रबराचा जन्म हा असा. गुडइयर मात्र कर्जातच मेला.

दंतवैद्य या बाबतीत मागे नव्हते. १८४३ च्या सुमारास अमेरिकेतल्या मेनार्ड नावाच्या दंतवैद्यानं दात सरकवायला रबर वापरलं, अशी नोंद आहे. हे मेनार्ड गंमतीदार गृहस्थ. दात दुरुस्त करायचे आणि बंदुकाही सुधारायचे. बंदुकांमुळेच त्यांचं नाव जास्त झालं. पुढे १८५० च्या आसपास टकर नावाच्या दंतवैद्यानं रबराची नळी घेतली आणि तिच्या चकत्या कापल्या. आपण पडवळ चिरतो ना, मधला गर काढून गोल कड्या करतो, अगदी तसं. आजही कारखान्यात दातांची रबरं अशीच होतात. आधी लांब नळी, मग तिच्या बारीक चकत्या.

त्याच काळात रबर दातांच्या दुनियेत दुसऱ्या वाटेनंही शिरलं, ते कवळीतून. जास्त गंधक घालून कडक केलेल्या रबराच्या कवळ्या स्वस्त पडत, त्यामुळे गरिबाच्या तोंडातही दात आले. पण त्याचं पेटंट एका कंपनीकडे होतं आणि कंपनी प्रत्येक दंतवैद्याकडून पैसे मागायची. जोसाया बेकन नावाचा तिचा माणूस गावोगाव फिरून खटले भरायचा. शेवटी १८७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सॅम्युअल चालफंट नावाच्या एका दंतवैद्यानं त्याला गोळी घालून ठार केलं. दातांच्या रबरावरून खून. विषयाला थोडं सोडून आहे, पण हे वाचलं तेव्हा सांगितल्याशिवाय राहवेना.

आता मुख्य गोष्टीकडे येते. इतके दिवस रबर एका दातापासून शेजारच्या दातापर्यंत, किंवा दातापासून पट्टीपर्यंत लावत. पण ज्या मुलीचा वरचा जबडाच पुढे आणि खालचा मागे, तिला त्याचा उपयोग थोडाच. अशा मुलांच्या डोक्यावर टोपीसारखे पट्टे बांधून मागून ओढ द्यायचे. दिवसभर ते घालून कोण फिरणार? लोक हसणार. १८९० नंतरच्या काळात अमेरिकेत बोस्टनचे हेन्री बेकर आणि शिकागोचे कॅल्विन केस या दोघांनी वेगळी वाट धरली. रबराचं एक टोक वरच्या जबड्याच्या पुढच्या भागात अडकवायचं, दुसरं टोक खालच्या जबड्याच्या मागच्या दाढेला. म्हणजे वरचा जबडा आणि खालचा जबडा एकमेकांना बांधायचे. डोक्यावर काही नको. सगळं तोंडाच्या आत. पहिल्यांदा कुणी केलं यावरून पुढे वादही झाला. नाव मात्र बेकर यांचं चिकटलं.

याचं तत्त्व अर्नाळ्याच्या आणि पाचूबंदरच्या मैत्रिणींना माझ्यापेक्षा लवकर कळेल. पाण्यात दोन होड्या आहेत आणि त्यांच्यामध्ये दोर आहे. एका होडीतून दोर ओढला तर एकच होडी सरकते का? नाही. दोन्ही एकमेकींकडे येतात. एक मोठी आणि भरलेली असेल, तर ती थोडी सरकते आणि हलकी होडी जास्त. आणि एकीनं नांगर टाकला असेल तर सगळी हालचाल दुसरीचीच. दंतवैद्यही याला नांगरच म्हणतात. कुठला दात नांगर करायचा आणि कुठला सरकवायचा, हे डॉक्टरांचं खरं डोकं. वरचे पुढचे दात मागे हवेत, तर रबर वरच्या सुळ्याकडून खालच्या दाढेकडे. उलट, खालचा जबडा पुढे असेल, तर रबर खालच्या सुळ्याकडून वरच्या दाढेकडे. कधी तिरकं, कधी त्रिकोणात, कधी चौकोनात. म्हणून शेजारच्या मुलीचं बघून आपल्या मुलीचं रबर लावायचं नाही. तिचं दुखणं वेगळं, हिचं वेगळं.

ही पद्धत जगभर पोचवली ती एडवर्ड अँगल यांनी. १८९९ मध्ये त्यांनी दात एकमेकांवर कसे बसतात यावरून तीन वर्ग पाडले. आजही डॉक्टर कागदावर ‘क्लास टू’ किंवा ‘क्लास थ्री’ लिहितात ते त्यांचंच. १९०० मध्ये त्यांनी फक्त दात सरळ करण्याचं शिक्षण देणारी शाळा काढली. त्यांच्या पत्नी अ‍ॅना यांनी स्वतः दंतवैद्यकाची पदवी घेतली होती आणि शाळेचा बराच व्याप त्याच सांभाळत. पुस्तकात नाव नवऱ्याचं मोठं छापलं जातं, हे आपल्याला नवीन नाही.

आता दात हाडात घट्ट असतो, मग तो सरकतो कसा? दात हाडाला चिकटलेला नसतो. मध्ये बारीक तंतूंचा थर असतो, गादीसारखा. एका बाजूनं हलका दाब आला की त्या बाजूचं हाड शरीर हळूहळू विरघळवतं आणि पाठीमागे मोकळ्या झालेल्या बाजूला नवं हाड भरतं. स्वीडनच्या कार्ल सँडस्टेड यांनी १९०४ च्या सुमारास कुत्र्यांच्या दातांवर हे तपासून दाखवलं. यात घाई चालत नाही. महिन्याला साधारण एक मिलिमीटर, एवढाच वेग. जोर जास्त लावला तर दात लवकर सरकत नाही, उलट तिथला रक्तपुरवठा दबतो, दात अडतो, दुखतो आणि मुळालाही इजा होऊ शकते. म्हणून दातांच्या रबराची ओढ मोजून ठरवलेली असते. एका नेहमीच्या रबराची ओढ, आतल्या मापाच्या तिप्पट ताणल्यावर, साधारण १०० ग्रॅम भरते. दोन मध्यम अंडी तळहातावर ठेवा, तेवढंच वजन. बस, एवढ्यानं हाड बदलतं, पण ती ओढ दिवसरात्र असली तर.

रबराच्या इतिहासातलं एक काळं पान आहे, तेही सांगायला हवं. सायकलींना आणि मोटारींना रबरी टायर लागायला लागले तशी रबराची हाव वाढली. आफ्रिकेतल्या काँगोवर बेल्जियमच्या लिओपोल्ड राजानं खासगी मालमत्तेसारखा कबजा केला होता. तिथल्या गावांना रबर गोळा करून द्यायची सक्ती होती. रबर कमी पडलं की फटके, बायकांना ओलीस धरणं, माणसं मारणं, हात तोडणं. अ‍ॅलिस सीली हॅरिस ही इंग्रज मिशनरी बाई तिथे कॅमेरा घेऊन गेली होती. १९०४ मध्ये एक बाप तिच्याकडे आला. आपल्या पाच वर्षांच्या मुलीचा तोडलेला हात आणि पाऊल त्यानं पानात गुंडाळून आणलं होतं. ते समोर ठेवून बसलेल्या त्या बापाचा फोटो तिनं काढला आणि तो जगभर दाखवला. १९०८ मध्ये राजाला काँगो सोडावं लागलं. दातांना लागणारं रबर त्या मानानं चिमूटभर. पण बोस्टनच्या बेकर यांनी आपल्या रबराच्या पद्धतीवर लेख छापला तो त्याच १९०४ सालात, हे मला विसरता येत नाही.

आपल्या देशात रबर आलं ते लांबच्या वळणानं. हेन्री विकहॅम या इंग्रजानं १८७६ मध्ये ब्राझीलमधून रबराच्या सुमारे ७० हजार बिया लंडनला नेल्या. त्यांतल्या थोड्याच उगवल्या. त्यांची रोपं श्रीलंकेत आणि सिंगापूरकडे गेली. केरळात पेरियार नदीकाठी थट्टेकाड इथं १९०२ मध्ये व्यापारी लागवड सुरू झाली. आपल्या कोकणातही आता रबर आहे. सिंधुदुर्गात दोडामार्गकडे गेलात तर केरळच्या शेतकऱ्यांनी लावलेल्या बागा दिसतील. खोडावर तिरकी खाच, खाली वाटी, वाटीत पांढरा चीक. त्या बागांसाठी जंगल तुटलं म्हणून तिथे तक्रारीही आहेत, आणि त्या खोट्या नाहीत.

दंतवैद्यकाचं रीतसर शिक्षण आपल्याकडे तसं उशिराच आलं. डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कोलकात्यात देशातलं पहिलं दंत महाविद्यालय काढलं. तिथे शिकून १९२३ मध्ये एका बाईनं मुंबईत स्वतःचा दातांचा दवाखाना थाटला. त्या फातिमा जिना. पुढे त्या राजकारणात गेल्या आणि फाळणीनंतर पाकिस्तानात, त्यामुळे त्यांची ही ओळख मागे पडली. पण त्या काळात बाईनं दातांचा दवाखाना चालवणं ही केवढी गोष्ट. मुंबईत नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय १९३३ मध्ये सुरू झालं. १९४८ मध्ये दंतवैद्यांचा कायदा झाला आणि नोंदणीशिवाय दातांची डॉक्टरकी करायला बंदी आली. दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञांची भारतीय संघटना १९६५ ची. डॉ. एच. डी. मर्चंट तिचे पहिले अध्यक्ष.

आपल्या वसईच्या बाजूनं बघायचं तर या सगळ्यात आगगाडीचा वाटा मोठा. विरारहून मुंबईला पहिली गाडी सुटली १२ एप्रिल १८६७ ला, आणि विजेची गाडी विरारपर्यंत आली १९३६ मध्ये. वसईची फुलं, भाजी, केळी घेऊन बाया ज्या गाडीनं मुंबईला गेल्या, त्याच गाडीनं पुढे दुखणीही घेऊन गेल्या. नायरचं दंत महाविद्यालय मुंबई सेंट्रलला आहे, विरार जलद गाडी तिथे थांबते. दुसरं शासकीय दंत महाविद्यालय सीएसएमटी जवळ, सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात. दोन्हीकडे खासगी दवाखान्यापेक्षा खर्च पुष्कळ कमी येतो. मात्र रांग असते, आणि दर महिन्याला एक दिवस मोडतो. त्या दिवसाची मजुरी जाते. ज्या घरात ही मजुरी महत्त्वाची आहे, तिथे रबर न लावल्यानं उपचार सहा महिने लांबणं म्हणजे सहा दिवसांची मजुरी वाया. हा हिशेब मुलीला सांगायला हरकत नाही, पण रागावून नको.

मुलगी रबर का लावत नाही, हे आधी तिला विचारा. बहुतेक वेळा कारण साधं असतं. पहिले तीन-चार दिवस दुखतं. तोंड पूर्ण उघडत नाही. वर्गात जांभई दिली आणि रबर उडालं, मुलं हसली. हे दुखणं दोन-चार दिवसांत कमी होतं. पण मध्येच सोडलं आणि पुन्हा लावलं, की दुखणं पुन्हा पहिल्यापासून. रोज फक्त रात्री लावणाऱ्या मुलीला म्हणूनच जास्त त्रास होतो आणि फायदा कमी. डॉक्टरांनी दिवसरात्र सांगितलं असेल तर साधारण २० ते २२ तास ते तोंडात हवं. जेवताना आणि दात घासताना काढायचं, हात धुऊन पुन्हा लावायचं. लाळेत भिजून रबराची ओढ काही तासांतच कमी होते, म्हणून रोज नवी जोडी. रबर तुटलं नाही म्हणून तेच चार दिवस वापरणं ही काटकसर नाही. एक विसरलं म्हणून दुसऱ्या दिवशी दोन लावायची नाहीत, कारण जोर वाढला की काय होतं ते वर सांगितलंच. एका बाजूचं तुटलं आणि दुसऱ्या बाजूचं राहिलं, असंही ठेवू नये. ओढ एका बाजूला जाते. चुकून गिळलं तर घाबरू नका, बहुतेक वेळा ते शौचावाटे निघून जातं. रबरानं ओठ सुजले, खाज आली, तोंड आलं, तर थांबवून डॉक्टरांना सांगा. काहींना झाडाच्या रबराचं वावडं असतं, त्यांच्यासाठी दुसऱ्या पदार्थाची रबरं मिळतात.

आणखी एक गोष्ट. तारेवर जी रंगीत बारीक कडी दिसतात, निळी, गुलाबी, ती वेगळी. ती तार जागेवर धरतात आणि डॉक्टरच बदलतात. तसंच साखळीसारखं रबर, तेही डॉक्टरांचं. मुलीच्या हातात येतं ते फक्त वर-खाली जोडायचं रबर. पूर्वी सगळं काम वैद्याच्या हातात होतं, आता त्याचा एक तुकडा पेशंटच्या हातात दिलाय. सगळ्यांना हे रबर लागतंच असं नाही. पण ज्यांना लागतं, त्यांचं तेवढं काम डॉक्टरला करून देता येत नाही.

आता सगळ्यांत महत्त्वाचं, आणि हे तारा न लावलेल्या घरांसाठीही आहे. समोरच्या दोन दातांत फट आहे म्हणून घरीच त्या दोन दातांभोवती रबर गुंडाळायचं, असले उपाय सांगोवांगी फिरतात. हे कृपा करून कुणी करू नका. दात वर रुंद आणि मुळाकडे निमुळता असतो. गाजरासारखा. गाजराला बांधलेलं रबर टोकाकडे घसरतं, तसंच दातावरचं रबर घसरून हिरडीच्या आत शिरतं. वरून दिसत नाही. घरच्यांना वाटतं पडलं असेल. ते आत मुळाभोवती ओढत राहतं, हिरडी सुजते, पू येतो, आजूबाजूचं हाड झिजतं आणि दात हलायला लागतात. एक्स-रे काढला तरी त्यात रबर दिसत नाही. दहा वर्षांच्या मुलाचे समोरचे दोन्ही पक्के दात असे गेल्याची उदाहरणं डॉक्टरांनी नोंदवून ठेवली आहेत. तारांच्या उपचारात रबर हुकला अडकवलेलं असतं, हुक तारेला आणि तार दातांवर पक्की चिकटवलेली. म्हणून ते घसरत नाही. एकच वस्तू, पण हुकावर औषध आणि नुसत्या दातावर विष.

मुळात ती फट बऱ्याचदा दुखणंच नसते. साधारण आठ ते अकरा वर्षांच्या वयात वरचे समोरचे दात फाकलेले दिसतात, कारण वरून सुळे खाली उतरत असतात आणि ते आधीच्या दातांची मुळं रेटतात. सुळे बाराव्या वर्षाच्या आसपास जागेवर आले की फट पुष्कळदा आपोआप मिटते. डॉक्टर याला कुरूप बदकाच्या पिल्लाची अवस्था म्हणतात. फट मिटली नाही तर तेव्हा दाखवा. त्याआधी मात्र अंगठा चोखणं, तोंडानं श्वास घेणं, दुधाची दाढ किडून लवकर पडणं, याकडे लक्ष द्या. दुधाची दाढ पडणारच आहे म्हणून किडू दिली, तर शेजारचे दात त्या जागेत झुकतात आणि नव्या दाढेला वाट उरत नाही. पुढच्या कितीतरी तारा इथूनच सुरू होतात.

एक मत माझं. मुलींना तारा लावायला आणतात तेव्हा बऱ्याच घरांत बोलणं लग्नाचं असतं. दात पुढे आहेत, स्थळ कसं येणार. मुलग्याचे तसेच दात कुणी मोजत नाही. मुलीला चावता येत नसेल, ओठ मिटत नसतील, पडल्यावर पुढचा दात तुटायची भीती असेल, किंवा तिला स्वतःला हसायला संकोच वाटत असेल, तर उपचार जरूर करा. तिला नको असेल आणि चावणं नीट असेल, तर एखादा वाकडा दात घेऊनही माणूस सुखानं जगतो. आणि जिला हवंय तीच मुलगी रबर रोज लावते, हेही खरं.

उपचार सुरू करताना डॉक्टरांची नोंदणी विचारायला लाजू नका. दंतवैद्यकाची पदवी पाच वर्षांची, आणि दात सरळ करण्याचं खास शिक्षण त्यानंतर आणखी तीन वर्षांचं. रबर कुठून कुठे लावायचं ते डॉक्टरांकडून आरशात बघून मुलीनं तिथेच दोन-तीनदा लावून दाखवावं, आणि आईनंही बघून ठेवावं. जास्तीचं पाकीट मागून घ्यावं, म्हणजे संपलं म्हणून खाडा पडत नाही. तारा निघाल्यावर दात पुन्हा जुन्या जागेकडे जायला बघतात, म्हणून नंतर लावायची पट्टी देतात. तीही खिडकीत ठेवायची नसते.

गटाच्या बैठकीत चाळिशीच्या बाया हळूच विचारतात, आता आमच्या वयात होतं का? होतं. वयाची आडकाठी नाही. हाड म्हातारपणीही बदलतं, फक्त वेळ जास्त लागतो. अट एकच, हिरड्या निरोगी हव्यात. मिश्री लावणाऱ्या बाईच्या हिरड्या बहुतेक वेळा आतून झिजलेल्या असतात, आणि झिजलेल्या हाडात दात ओढला तर तो सैल होऊन हातात येऊ शकतो. त्यामुळे डॉक्टर आधी हिरड्यांचे उपचार करतील, मिश्री सोडायला सांगतील, आणि मगच तारेचं आणि रबराचं बोलतील.